दुखण्याच्या खाटेवर आणि परक्या वाटेवर

(उपदेशक व मंडळ्या यांच्यासाठीं अभ्यासपाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : २ राजे २०:१–७, यिर्मया २९:४–७, योहान ९:१–३, २ करिंथ १२:७–१०, फिलिप्पै २:२५–३०, याकोब ५:१३–१६.



ज्या घरीं दुखणें शिरतें त्या घरीं दोन पाहुणे बहुधा न बोलावतां येतात. एक जुन्या भाऊबंदांपैकीं असतो. तो उंबऱ्यावर बसून म्हणतो, "कुळाचे देव सोडलेत, त्यांचा कोप झाला. अजून नारळ फोडा, म्हणजे मोकळे व्हाल." दुसरा आपल्याच प्रार्थनासभेंतला असतो. तो शास्त्र हातीं घेऊन येतो व म्हणतो, "तुमचा विश्वास कमी पडला, नाहींतर हें दुखणें इतकें रेंगाळलें नसतें." दोघांची भाषा निराळी आहे, परंतु थोडा विचार केला तर शिकवण एकच आहे. दुखणें म्हणजे देवाची थकलेली बाकी, आणि ती कोणत्या तरी नाण्यानें फेडल्यावांचून सुटका नाहीं, असें दोघेही सांगतात. एक नारळ मागतो, दुसरा विश्वास मागतो. खाटेवर पडलेला मनुष्य मात्र दोघांच्या मध्यें चिरडला जातो.

मंठ्यासारख्या तालुक्यांत आपल्या मंडळ्या लहान आहेत. वाटूर फाट्यापासून आंत मंठ्याकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोहों बाजूंस जीं गांवें आहेत, तसल्या गांवीं एखाद दुसरेंच ख्रिस्ती घर असलें, तर त्या घराच्या दुखण्याकडे सर्व गांवाचें लक्ष असतें. तेथें उपदेशक काय बोलतो, यावर एका कुटुंबाचा विश्वासच नव्हे, तर कित्येकदां रोग्याचा जीवही अवलंबून असतो. म्हणून हा पाठ आम्ही चार भागांत मांडीत आहों. प्रत्येक भाग एका आठवड्याच्या सभेस पुरेल.

पहिला भाग : दुखणें हें शिक्षेचें पत्रक नव्हे

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं प्रभूला जो प्रश्न विचारिला, तोच आपल्या गांवांत आजही विचारिला जातो. पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही पर्याय नाकारिले. त्यानें त्या मनुष्याचा मागचा हिशेब काढला नाहीं, तर देव यापुढें त्याच्या ठायीं काय करणार आहे इकडे शिष्यांची दृष्टि वळविली. ईयोबाच्या पुस्तकांतही हीच गोष्ट आहे. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर त्यांनीं मित्राचें काम केलें. पुढें तोंड उघडून त्याचें पाप शोधूं लागले तेव्हां ते त्याचे पीडक झाले, आणि शेवटीं देवानें दोष त्या मित्रांना दिला.

कोणी म्हणेल कीं दारू प्याल्यानें यकृत बिघडतें, गढूळ पाणी प्याल्यानें हगवण लागते, मग कर्माचें फळ नाहीं कसें? हें खरें आहे, व निरोगी असतांना मंडळीस हें अवश्य शिकविलें पाहिजे. परंतु कारण सांगणें निराळें आणि दोष ठेवणें निराळें. विहिरींत पडलेल्याला आधीं दोर टाकावा; कठडा कां बांधला नाहीं हें मागाहून बोलतां येईल.

दुसरा भाग : प्रार्थना आणि औषध यांचें भांडण नाहीं

हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला असतां त्यानें भिंतीकडे तोंड करून रडून प्रार्थना केली. देवानें ती ऐकिली व त्याच्या आयुष्यांत १५ वर्षें वाढविलीं. येथपर्यंतची गोष्ट सर्वांस पाठ असते. परंतु पुढें काय झालें, हें पुष्कळ उपदेशक वाचावयाचे सोडून देतात. यशया संदेष्ट्यानें अंजिरांचा लेप करावयास सांगितला. तो गळवावर बांधिला, आणि राजा बरा झाला. ज्यानें वचन आणिलें त्यानेंच औषधही सांगितलें. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता, आणि पोटाच्या दुखण्यानें वारंवार आजारी पडणाऱ्या तीमथ्याला पौलानें जी सूचना लिहिली ती आहाराची होती. पौलाचा विश्वास कमी होता असें आपल्यापैकीं कोणी म्हणेल काय?

आपल्या देशांतील मंडळ्यांचा इतिहासही हेंच सांगतो. डॉक्टर वान्लेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस जें इस्पितळ उभारिलें, तेथें शस्त्रक्रियेपूर्वीं प्रार्थना होत असे, आणि प्रार्थनेनंतर शस्त्रक्रिया होत असे. एकीमुळें दुसरी वगळली गेली नाहीं. औषधाची मुळी, ती ओळखणारी बुद्धि आणि ती देणारा हात, हीं तिन्ही देवाचींच आहेत.

हा विषय आम्ही इतक्या आग्रहानें कां लिहितों, तें स्पष्ट सांगतों. क्षयरोगाचें उदाहरण घ्या. नेहमींच्या क्षयावर सहा महिने औषध घ्यावें लागतें. पहिल्या कांहीं आठवड्यांतच खोकला उतरतो, ताप जातो, अन्न गोड लागतें. नेमक्या अशा वेळीं कोणी सभेंत उभा राहून "प्रभूनें बरें केलें, आतां गोळ्या टाकून द्या" असें म्हणाला, तर रोगी तसें करितो, कारण त्याला बरें वाटतच असतें. परंतु शरीरांत उरलेले जंतु मेलेले नसतात. ते पुन्हां वाढतात, आणि या वेळीं कित्येकदां पूर्वींच्या औषधाला दाद देत नाहींत. मग उपचार अधिक लांबतो, अधिक कठीण होतो, आणि तेवढ्या काळांत घरांतल्या लेंकरांनाही लागण होण्याचा संभव असतो. साक्ष देण्याची घाई एका मनुष्याच्या जिवावर बेतते. सरकारी दवाखान्यांत क्षयाचीं औषधें मोफत मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असतांना रोग्याच्या पोषणासाठीं दरमहा १००० रुपये देण्याचें सरकारनें ठरविलें आहे. आपल्या सभासदाला हें माहीत नसेल, तर तें सांगणें हीसुद्धां उपदेशकाची सेवा आहे.

मधुमेह, रक्तदाब व फेफरें यांच्या औषधांविषयींही हाच नियम समजावा. सर्पदंश झाला असतां तर क्षणाचाही विलंब न लावितां रोग्यास दवाखान्यांत न्यावें. प्रार्थना गाडींत बसून करावी. औषध सोडावें कीं चालू ठेवावें हें वैद्यानें सांगावयाचें आहे. उपदेशकानें तें सांगूं नये, व दुसऱ्या कोणास सांगूं देऊं नये.

तिसरा भाग : मागितलें तें न मिळालें तर

आतां सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळूं. औषध घेतलें, प्रार्थना केली, मंडळीनें उपास केला, तरी दुखणें राहिलें, किंवा मनुष्य गेला. मग बळ तें कोणतें?

पौलानें आपल्या शरीरांतील कांटा काढून टाकावा म्हणून प्रभूला तीन वेळां विनविलें. कांटा निघाला नाहीं. प्रभूनें त्याला कृपा पुरेल असें आश्वासन दिलें, आणि अशक्तपणांतच आपलें सामर्थ्य पूर्णतेस येतें हें शिकविलें. याच पौलाचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत जाऊन परत आला, परंतु त्रफिम याला मिलेतांत आजारी असतांनाच मागें ठेवून जावें लागलें. एक बरा झाला, दुसरा मागें राहिला. दोघांपैकीं कोणाच्याही विश्वासाविषयीं पौलानें उणा शब्द काढिला नाहीं. आणि स्वतः प्रभूनें गेथशेमानेंत प्याला टळावा म्हणून प्रार्थिलें, तो प्याला टळला नाहीं. प्रार्थना नाकारली जाणें हें जर अविश्वासाचें चिन्ह असेल, तर तो आरोप प्रथम प्रभूवरच येईल!

या बाबतींत आपल्या महाराष्ट्रांतील एका भगिनीचें चरित्र आम्ही मंडळ्यांपुढें ठेवितों. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालचा. दुष्काळांत, १८७४ च्या सुमारास, त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई व थोरली बहीण हीं थोड्या थोड्या अंतरानें गेलीं. १८८० सालीं भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षीं त्यांचें लग्न झालें, आणि १८८२ सालीं पति पटकीनें वारले. त्या वेळीं त्यांचें वय २३ वर्षांचें होतें, व पदरीं लहानगी मनोरमा होती. पुढच्याच वर्षीं, वैद्यकी शिकावी या उद्देशानें त्या इंग्लंडास गेल्या, आणि तेथें १८८३ च्या सप्टेंबरांत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथें कोणाला वाटेल कीं बाप्तिस्म्यानंतर त्यांचीं संकटें सरलीं असतील. तसें झालें नाहीं. त्यांच्या कानांनीं दगा दिला होता. ऐकूं कमी येत असल्यामुळें वैद्यकीचें शिक्षण त्यांना घेतां आलें नाहीं. ज्या कामासाठीं समुद्र ओलांडिला तेंच दार बंद झालें. कान बरे झाले असें त्यांच्या चरित्रांत कोठेंही नाहीं. पण बाई बंद दाराशीं बसून राहिल्या नाहींत. त्यांनीं चेल्टनहॅम येथील विद्यालयांत संस्कृत शिकविलें, मग अमेरिकेस जाऊन विधवांच्या शाळेसाठीं साहाय्य मिळविलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतील उपाशी मुली व स्त्रिया आणून त्यांनीं केडगांवीं आसरा दिला. जिचीं आईबापें दुष्काळानें नेलीं, तिनेंच दुष्काळांतल्या निराधार मुलींना आई होऊन जवळ घेतलें. दुःख नाहींसें झालें नाहीं. त्याचा उपयोग झाला.

उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर हातीं घेतलें, कारण विद्वानांची भाषा खेड्यांतल्या बायांना कळत नाहीं हें त्यांनीं पाहिलें होतें. तें काम चालू असतांच २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. हीच मुलगी त्यांचा उजवा हात, आणि त्यांच्यामागें काम चालवील अशी आशा होती. त्या मातेनें मुलीच्या आरोग्यासाठीं प्रार्थना केली नसेल काय? मुलगी गेल्यावरही बाईंनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या स्वतः प्रभूमध्यें निजल्या, आणि त्यांचें भाषांतर १९२४ सालीं संपूर्ण प्रसिद्ध झालें.

आम्ही हें चरित्र त्यांची थोरवी गाण्यासाठीं सांगत नाहीं. यांतून एक साधी गोष्ट घ्यावयाची आहे. दुखणें उतरणें हा बळाचा एक प्रकार आहे, आणि त्याबद्दल आपण देवाचे आभार मानतों. परंतु दुखणें उतरलें नसतांही दुसऱ्या दिवसाचें काम हातीं घेतां येणें हा बळाचा दुसरा प्रकार आहे. शास्त्रांत दोन्ही आहेत. ज्या मंडळीला पहिलाच प्रकार शिकविला जातो, ती पहिल्या मोठ्या दुखण्यांतच हताश होते.

चौथा भाग : परकी वाट

दुखण्यासारखाच जीवनांतील मोठा पालटही मनुष्याला खिळखिळा करितो. नवा विश्वास, वैधव्य, म्हातारपण, कर्जापायीं गेलेली जमीन, लेंकीचें सासर, पोटासाठीं सोडलेला गांव, या सर्वांत एकच दुःख असतें: ओळखीचें माणूस व ओळखीची जागा सुटते.

जालना परिसरांतील मंडळ्यांच्या आरंभींच हें दुःख आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांचा मुंबईस १८४३ सालीं बाप्तिस्मा झाला. त्यांच्यामागून आलेला धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाच्या हुकुमानें बापाच्या स्वाधीन करावें लागलें. ज्या मनुष्यानें भाऊबंद तुटण्याचा घाव स्वतः सोसला होता, तोच पुढें जालन्यास आला, आणि हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यानें जालन्याजवळ बेथेल हें ख्रिस्ती गांव वसविलें. गांवकुसाबाहेर राहणाऱ्या समाजांतील जीं कुटुंबें ख्रिस्ताकडे आलीं, त्यांना येथें घर, शाळा, प्रार्थनामंदिर आणि शेजार मिळाला. ज्याचे शेजारी तुटले त्याला नुसता उपदेश पुरत नाहीं, त्याला नवे शेजारी लागतात, हें त्यांनीं जाणलें. आज नवें गांव वसविणें आपल्या हातीं नसेल, पण शेजारी होणें प्रत्येकाच्या हातीं आहे.

दुसरें उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचें. १८९५ सालीं रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हां त्या बरोबर गेल्या नाहींत. कित्येक वर्षें पतीपासून दूर, नातलगांत, फार मोठ्या मनस्तापांत त्यांनीं काढलीं. सोंवळ्याओंवळ्याचा पगडा त्यांच्या मनावर होता, आणि तो एका दिवसांत उतरला नाहीं. स्वतः विचार करून, पायरीपायरीनें त्या पुढें आल्या व १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१९ सालीं टिळक वारले. त्यांचें "ख्रिस्तायन" हें काव्य अपुरें राहिलें होतें. ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती तिनें तें पुरें केलें, आणि आपलीं "स्मृतिचित्रें" लिहिलीं. त्यांच्या चरित्रावरून उपदेशकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी: देवाला घाई नसते. नवऱ्याबरोबर बायकोनें, बापाबरोबर मुलानें लगेच बदललेंच पाहिजे अशी घाई आपण करूं नये. मनाला पालट पचावयास वेळ लागतो, व तो वेळ देणें हीही प्रीति आहे.

आपल्या भागांत दिवाळीच्या आगेंमागें कित्येक कुटुंबें कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यांत परततात. पांचसहा महिने पाचटाच्या कोप्या, पहाटेची थंडी, फडांतलें काम, बाळंतीण असो वा तापकरी असो, सुटी नाहीं. रविवारची सभा नाहीं, ओळखीचा उपदेशक नाहीं. अशा लोकांसाठीं यिर्मयानें बाबेलांत नेलेल्यांना लिहिलेलें पत्र वाचावें. परक्या देशांत घरें बांधावीं, बागा लावाव्या, त्या नगराचें कल्याण चिंतावें, असें देवानें त्यांना कळविलें. म्हणजे देव यरुशलेमांतच राहिला, आणि हे एकटेच बाबेलास गेले, असें नव्हतें. जो मंठ्यांतल्या घरीं ऐकतो तो फडावरच्या कोपींतही ऐकतो. तेथें दोन कुटुंबें रात्रीं चुलीपाशीं बसून एक स्तोत्र म्हणतील, तर तीच मंडळी होय.

एक गोष्ट आणखी. एलीया संदेष्टा थकून, जीव नकोसा होऊन रोतेमाच्या झाडाखालीं निजला, तेव्हां दूतानें त्याला प्रथम उपदेश केला नाहीं. भाकर व पाणी दिलें, झोपूं दिलें, आणि उठवून पुन्हां खावयास दिलें. देवाचें बळ कित्येकदां भाकरीच्या व झोपेच्या रूपानें येतें. शोकांत बुडालेल्या बाईला शेजारणीनें आणून दिलेली भाकर व पिठलें हेंही त्याच दूताचें काम आहे.

उपदेशकांस सूचना

१. रोग्याकडे रिकाम्या मनानें व थोड्या वेळासाठीं जावें. आधीं ऐकावें. एक लहान स्तोत्र वाचावें व प्रार्थना थोडक्यांत करावी; दुखणाईत मनुष्य लांब प्रार्थनेनें थकतो.

२. "तुम्ही बरे व्हालच" असें देवाच्या नांवानें वचन देऊं नये. "प्रभु तुम्हांस सोडणार नाहीं, व आम्हीही सोडणार नाहीं" इतकें खात्रीनें म्हणावें, आणि तें खरें करून दाखवावें.

३. प्रार्थनेबद्दल पैसा, धान्य किंवा कोंबडें घेऊं नये. भगताची व आपली वाट येथेंच वेगळी होते.

४. रोग्याला दवाखान्यांत जावयाचें असेल तर सोबत कोण जाईल, मागें गुरांना पाणी कोण पाजील, मुलांना जेवूं कोण घालील, हें मंडळीनें बसून ठरवावें. याकोबानें वडिलांना बोलावण्यास सांगितलें आहे. म्हणजे दुखणें हें एका घराचें नसून मंडळीचें आहे.

५. ऊसतोडीस जाणाऱ्या घरांचीं नांवें लिहून ठेवावीं, जेथें जातात तेथील जवळच्या मंडळीस कळवावें, व महिन्यांतून एकदां तरी फोन करून विचारपूस करावी. औषध चालू असलेल्याबरोबर त्याचे कागद व गोळ्या आहेत ना, हेंही पाहावें.

६. घरांत मृत्यु झाला तर दफनविधीनंतर आपलें काम संपलें असें समजूं नये. पहिल्या आठवड्यांत सर्वच येतात. महिन्यानें, दोन महिन्यांनीं जो येतो त्याची आठवण घर विसरत नाहीं.

सभेंत विचारावयाचे प्रश्न

१. भाऊबंद "देव कोपला" म्हणतो व सभासद "विश्वास कमी" म्हणतो. प्रभूनें जन्मांधाविषयीं दिलेल्या उत्तरावरून दोघांस काय सांगाल?

२. हिज्कीयाच्या गोष्टींत प्रार्थना कोठें आहे व औषध कोठें आहे? एक काढून टाकिलें तर गोष्टीचें काय होईल?

३. एपफ्रदीत बरा झाला व त्रफिम आजारी राहिला. आपल्या मंडळींत त्रफिमासारखे कोण आहेत, आणि त्यांच्याकडे शेवटीं कोण व केव्हां गेलें होतें?

४. या वर्षीं आपल्या मंडळींतून कोण परक्या वाटेला लागणार आहे? त्याच्यासाठीं जाण्यापूर्वीं काय करावयाचें?

शेवटच्या दोन प्रश्नांचीं उत्तरें तोंडीं न ठेवितां कागदावर नांवनिशीवार लिहून घ्यावीं, आणि पुढच्या सभेच्या आरंभीं तो कागद वाचावा. जो प्रभु आपले अशक्तपण स्वतःवर घेऊन चालला, तो आपल्या लहान मंडळ्यांना एकमेकांचें ओझें वाहण्याची शक्ति देवो. आमेन.